ऑफिसची फाईल : पाठवायची कशात, ठेवायची कशात

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी कोल्हापूरच्या शाहूपुरीत शिरलं, तेव्हा तिथल्या एका पतसंस्थेची तळमजल्यावरची कपाटं काही दिवस पाण्यातच उभी होती. पाणी ओसरल्यावर प्रोसिडिंग बुकं उन्हात वाळत घातली, पण शाई जायची ती गेलीच. सेक्रेटरी मात्र निवांत. "काळजी करू नका, समदे वार्षिक अहवाल कॉम्प्युटरवर हाईत," म्हणाले. डिस्क माडीवर होती, कोरडी ठणठणीत. मी ती जोडली, २००४ चा अहवाल उघडला, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरच्या खुणा यांचा नुसता सडा. फाईल शाबूत होती, आत कणभरही बिघाड नव्हता. वाचता मात्र एक ओळ येत नव्हती.

तो अहवाल टाईप मीच केला होता, लक्ष्मीपुरीत डीटीपी करायचो तेव्हा. त्यामुळे चूक कुणाची हे शोधायला लांब जायला नको.

पतसंस्था, दूध संस्था, शाळेचं ऑफिस, तालीम मंडळ, वकिलाचं चेंबर अशा ठिकाणी जे नव्यानं कॉम्प्युटरवर बसले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. लागतं काय? वर्ड आणि एक्सेल असेल तर ठीक, नसेल तर लिबरऑफिस फुकट मिळतं. आणि सुरुवातीला एक अख्खी दुपार काढावी लागेल.

पायरी १ : आधी दोन प्रश्न

ही फाईल कोण उघडणार? आणि कधी उघडणार? फॉरमॅटचा, म्हणजे फाईल कुठल्या प्रकारात सेव्ह करायची याचा, विचार यानंतर.

सोमवारच्या मीटिंगची नोटीस संचालक मोबाईलवर वाचणार आणि मंगळवारी विसरणार. तिला काहीही चालतं. पगाराचा तक्ता आपणच दर महिन्याला उघडणार आणि बदलणार. कर्जाचा करारनामा मात्र कदाचित दहा वर्षांनी कुणी वकील उघडणार, तेव्हा कॉम्प्युटर बदललेला असेल, सॉफ्टवेअर बदललेलं असेल, आणि ज्या क्लार्कनं तो टाईप केला तो रिटायर होऊन गावी शेती बघत असेल.

दूध नेणारा कॅन आणि लोणचं मुरवायची बरणी, दोन्ही भांडीच. पण कॅनमध्ये कुणी लोणचं घालून ठेवत नाही. कामाची फाईल वेगळी आणि ठेवणीतली वेगळी. एकाच फाईलीकडून दोन्ही कामं करून घ्यायला गेलं की घोळ होतो, आणि आपल्याकडचे बहुतेक घोळ याच जातीचे असतात.

पायरी २ : मराठी आहे ना? मग फॉरमॅटच्या आधी फॉन्ट तपासा

ही पायरी इंग्रजीत काम करणाऱ्यांना नाही. आपल्याला आहे, आणि सगळ्यात महत्त्वाची हीच. तुम्ही जगातला सगळ्यात टिकाऊ फॉरमॅट निवडला तरी आत भरलेला मजकूरच मराठी नसेल तर उपयोग शून्य.

"मजकूर मराठी नसेल" म्हणजे काय? श्रीलिपी, आकृती, कृतीदेव, शिवाजी ०१, आयएसएम या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधला डीव्हीबी-टीटी सुरेख, हे सगळे जुने फॉन्ट एका युक्तीवर चालायचे. फाईलीत साठवली जायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांच्या जागी पडद्यावर मराठी आकार काढायचा. म्हणजे फॉन्ट हा मुखवटा. मुखवटा घरात आहे तोवर राम दिसतो, मुखवटा हरवला की खालचा सोंगाड्या. त्यातून प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. श्रीलिपीत ज्या जागेवर 'क' तिथं कृतीदेवमध्ये भलतंच काहीतरी.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, तिनं हा प्रकार मोडला. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत. 'क' चा क्रमांक २३२५. तो कोल्हापुरात २३२५, कोलंबोत २३२५, आणि मोबाईलवरही २३२५. फॉन्ट कुठलाही लावा, आत 'क'च राहतो.

आता तपासणी. फाईल उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करा आणि फॉन्टच्या खोक्यात एरियल निवडा. मजकूर मराठीच राहिला तर युनिकोड आहे, पुढच्या पायरीवर जा. इंग्रजी अक्षरांचा चिवडा झाला तर जुना फॉन्ट आहे. कंट्रोल-झेड दाबून पूर्ववत करा, आणि फाईल सेव्ह न करता बंद करा.

चिवडा झाला तर काय? आधी फॉन्टचं पूर्ण नाव वहीत लिहून घ्या. तो फॉन्ट तुमच्या कॉम्प्युटरवर नसला तरी खोक्यात त्याचं नाव दिसतं, आणि तेच नाव म्हणजे कुलपाची किल्ली. मग त्या फॉन्टचा कन्व्हर्टर, म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्राम, वापरा. जुन्या मराठी फॉन्टांचे कन्व्हर्टर इंटरनेटवर फुकट मिळतात. पण गोपनीय कागद असेल, सभासदांची यादी असेल, तर तो असल्या वेबसाईटवर चिकटवू नका. कॉम्प्युटरवर चालणारा कन्व्हर्टर शोधा.

कन्व्हर्ट झालं म्हणजे संपलं असं नाही. कन्व्हर्टर रफारात हमखास अडखळतो: "सूर्यवंशी"चं "सूयर्वंशी" होतं. पहिली वेलांटी एक घर पुढं-मागं सरकते. "ऱ्या", "ष्ट्र", "ज्ञ" बघून घ्या. आणि मूळ मजकुरात अधेमधे खरंच इंग्रजी शब्द असले, पॅन किंवा जीएसटी नंबर असले, तर कन्व्हर्टर त्यांचंही मराठी करून टाकतो, वाचायला ते फार विनोदी असतं, पण ताळेबंदात नको. म्हणून नावं, रकमा आणि नंबर एकदा छापील कागदाशी ताडून घ्यायचे, दुसरा इलाज नाही. २००४ चा तो अहवाल मी असाच सोडवला. ३२ पानांना दोन रात्री गेल्या.

मोडीतला कागद निदान मोडी शिकलेल्या माणसाला वाचता येतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना कशी चौफेर बोलावणी आली ते आपण पाहिलं. जुन्या फॉन्टातली फाईल वाचायला शिकवणारा वर्ग कुठं भरत नाही.

नवीन काम करताना कुठला फॉन्ट? मंगल आणि निर्मला विंडोजबरोबर येतात, पण ते तुमच्या मोबाईलवर नसतात. समोरच्याकडे फॉन्ट नसला की दुसरा लागतो, ओळी तुटायच्या जागा बदलतात आणि सहीचं पान सातवरून आठवर जातं. मी 'मुक्त' (Mukta) नावाचा फॉन्ट किंवा नोटो सान्स देवनागरी वापरतो. दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत, कुठल्याही मशीनवर फुकट आणि हक्कानं टाकता येतात. ऑफिसनं एक फॉन्ट ठरवावा आणि सगळ्या मशीनवर तोच टाकावा. कुठला, यावर मीटिंग घेऊ नका.

पायरी ३ : रोजच्या कामाची फाईल

इथं फार डोकं लावायचं कारण नाही. डॉट डॉकएक्स (वर्डचा आजचा प्रकार) किंवा डॉट ओडीटी (लिबरऑफिसचा), दोन्ही चांगले. वर्डचा जुना डॉट डॉक मात्र आता नको.

कारण सांगतो. एखाद्या डॉकएक्स फाईलीची कॉपी करा, नावाच्या शेवटचं डॉकएक्स काढून तिथं झिप लिहा, आणि ती उघडा. आत फोल्डर दिसतील. त्यातल्या वर्ड नावाच्या फोल्डरमध्ये डॉक्युमेंट नावाची एक फाईल आहे. नोटपॅडमध्ये उघडलीत तर खुणांच्या जंजाळात तुमचाच मराठी मजकूर दिसेल. म्हणजे उद्या वर्ड बंद पडलं तरी मजकूर काढून घेता येतो. ओडीटीची बांधणीही अशीच, झिपमध्ये साधा मजकूर. जुन्या डॉटडॉकमध्ये हे नाही, ती बंद पेटी आहे.

दोघांनाही आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा आहे: ओडीटी ज्या कुटुंबातला आहे त्या ओडीएफला २००६ मध्ये मिळाला, डॉकएक्सच्या कुटुंबाला २००८ मध्ये. दुसऱ्या वेळी बरीच भांडणं झाली, आणि त्या मतदानात भारतानं विरोधी मत दिलं होतं. केंद्र सरकारनं २०१० मध्ये ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण काढलं, त्याचाही सूर असाच होता की सरकारी माहिती एकाच कंपनीच्या मुठीत राहू नये.

तत्त्व म्हणून मला ओडीएफ आवडतं. पण ज्या ऑफिसात सहा जण वर्डवर बसतात तिथं एकट्यानं ओडीटीचा झेंडा घेऊन फिरू नये. सगळे वर्डवर असतील तर डॉकएक्स, सगळे लिबरऑफिसवर असतील तर ओडीटी. खरी खराबी होते ती येरझाऱ्यांनी: सकाळी वर्डमध्ये, दुपारी लिबरऑफिसमध्ये, संध्याकाळी मोबाईलवर. चार फेऱ्यांत टेबलाच्या रेघा आणि आपोआप पडणारे नंबर आपापल्या वाटेनं जातात.

पायरी ४ : दुसऱ्याला पाठवताना

नुसतं वाचायचं असेल तर पीडीएफ. समोरच्यानं त्यात भर घालायची असेल, दुरुस्ती करायची असेल, तर डॉकएक्स. "दोन्ही पाठवतो" असं करू नका. समोरचा चुकीच्या फाईलीत दुरुस्ती करून परत पाठवतो.

पाठवण्याआधी फाईलीच्या पोटात काय आहे ते बघा. मी एकदा उद्यमनगरातल्या एका कारखान्याला कोटेशन पाठवलं. दर बदलला होता, पण ट्रॅक चेंजेस, म्हणजे केलेल्या दुरुस्त्या खुणेनं दाखवणारी वर्डची सोय, चालू राहिली होती. मालकांनी फोन केला, "अहो, आधी साडेआठ हजार लिहिलं होतं की! मग साडेअकरा कसं काय?" साडेआठलाच काम केलं. वर्डमध्ये फाईल, इन्फो, मग इन्स्पेक्ट डॉक्युमेंट असं गेलं की लपलेल्या दुरुस्त्या, शेरे, लेखकाचं नाव असं सगळं दाखवतं. एक्सेलमध्ये लपवलेली शीटं असतात, तीही त्यात कळतात. लपवलेली शीट म्हणजे पडदा ओढलेली खोली, कुलूप लावलेली नव्हे.

आधार नंबर झाकायचा म्हणून पीडीएफवर काळी पट्टी ओढतात. पट्टी वर राहते, नंबर खाली राहतो. सिलेक्ट करून कॉपी केला की नोटपॅडमध्ये हजर. मूळ फाईलीतला नंबर खरोखर खोडा, आणि मग पीडीएफ करा.

व्हॉट्सॲपवर कागदाचा फोटो पाठवायचा असेल तर तो फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून जोडा. फोटो म्हणून गेला की ॲप तो दाबून लहान करतं, आणि शिक्क्यावरची बारीक अक्षरं पहिली जातात.

पायरी ५ : ठेवणीतली प्रत

पीडीएफ म्हणजे पीडीएफ, त्यात आणखी काय? आहे. साधी पीडीएफ १९९३ पासून आहे, अडोबीनं काढली, आणि २००८ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. पण साधी पीडीएफ बाहेरच्यांवर विसंबू शकते. फॉन्ट आत नसला तर ती तुमच्या मशीनमधला उसना घेते. आत व्हिडिओ असू शकतो, छोटा प्रोग्राम असू शकतो, पासवर्ड असू शकतो. दहा वर्षांनी यातली एखादी गोष्ट जागेवर नसली की झालं.

म्हणून २००५ मध्ये पीडीएफ/ए नावाचं वेगळं मानक आलं, खास जपून ठेवण्यासाठी. नियम कडक आहेत: फॉन्ट फाईलीच्या आतच हवेत, पासवर्ड नको, व्हिडिओ-आवाज नको, आत चालणारा प्रोग्राम नको. शिदोरी बांधून निघालेला वारकरीच म्हणा, वाटेत कुणाकडं काही मागायचं नाही. २०११ मध्ये याचा दुसरा भाग आला, २०१२ मध्ये तिसरा, २०२० मध्ये चौथा. नवीन तो चांगला असं इथं नसतं. तिसऱ्या भागात पीडीएफच्या पोटात दुसरी कसलीही फाईल ठेवता येते. हिशोबाच्या पीडीएफमध्ये मूळ शीट ठेवायला ते सोयीचं आहे, पण ती आतली फाईल टिकेल याची हमी पीडीएफ/ए देत नाही. साध्या ऑफिसला दुसरा भाग पुरे.

करायची कशी:

लिबरऑफिसमध्ये फाईल, एक्सपोर्ट ॲज, एक्सपोर्ट ॲज पीडीएफ. जी खिडकी उघडेल तिच्यात 'आर्काइव्हल' असं लिहिलेल्या चौकटीत टिक करा आणि बाजूच्या यादीतून पीडीएफ/ए-२बी निवडा.

वर्डमध्ये सेव्ह ॲज, प्रकार पीडीएफ, मग ऑप्शन्स बटण, आणि तळाशी 'पीडीएफ/ए' लिहिलेली टिक. ती टिक आपोआप पडलेली नसते, आणि ऑप्शन्सचं बटण फारसं कुणी दाबत नाही.

'प्रिंट' देऊन पीडीएफ करायची सवय मात्र सोडा. तिथं कागदावर छापल्यासारखे नुसते आकार उतरतात. मथळ्यांची रचना, दुवे हे सगळं मागं राहतं, आणि मराठी मजकूर शोधता येण्याची शक्यताही कमी होते.

यावरूनच पुढची परीक्षा. तयार पीडीएफ उघडा, कंट्रोल-एफ दाबून त्यात असलेला एक साधा शब्द शोधा, "सभा" घ्या. मग जोडाक्षराचा एक घ्या, "निश्चित". पहिला सापडतो आणि दुसरा नाही, असं मराठीत वरचेवर होतं. पीडीएफ आतून अक्षरांचे आकार साठवते आणि कुठला आकार म्हणजे कुठलं अक्षर याची यादी वेगळी ठेवते. आपली जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी त्या यादीत नीट बसत नाहीत. पानावर वाचायला सगळं सुरेख दिसतं. कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की वेलांट्या उड्या मारतात.

म्हणूनच मराठी ऑफिसला माझा सल्ला इंग्रजी पुस्तकांपेक्षा थोडा वेगळा आहे. नुसती पीडीएफ/ए ठेवून थांबू नका. तिच्या शेजारी त्याच नावाची डॉकएक्स किंवा ओडीटीही ठेवा. पीडीएफ/ए सांगते कागद दिसत कसा होता. दुसरी सांगते त्यात लिहिलं काय होतं. डिस्कवर जागा फार लागत नाही.

पीडीएफ/ए खरोखर नियमात बसली का हे व्हेरापीडीएफ नावाच्या फुकट प्रोग्रामला विचारता येतं. रोज नको, पण नव्या मशीनवर पहिली फाईल केल्यावर एकदा विचारा.

पासवर्डबद्दल एक. ठेवणीतल्या फाईलीला पासवर्ड ठेवू नका. कुलूप लावायचं तर कपाटाला किंवा डिस्कला लावा. एका दूध संस्थेत जुन्या पगारपत्रकाला पासवर्ड होता आणि तो ठेवणारे आण्णा रिटायर होऊन चार वर्षं झालेली. फोन लावला. आण्णा बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "आमच्या म्हशीचं नाव टाकून बघा की." कुठल्या म्हशीचं, ते विचारायला दुसरा फोन करावा लागला.

कायद्याच्या बाजूनं एवढं लक्षात ठेवा: माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ७ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदी कशा जपायच्या ते दिलं आहे. माहिती पुढं संदर्भासाठी वापरता येईल अशी उपलब्ध हवी. फाईल मूळ फॉरमॅटमध्ये हवी, किंवा मूळ माहिती अचूक दाखवते असं सिद्ध करता येईल अशा फॉरमॅटमध्ये. आणि ती कुठून आली, कुठं गेली, पाठवल्याची किंवा मिळाल्याची तारीख-वेळ काय, हेही जपलेलं हवं. म्हणून महत्त्वाची फाईल ईमेलनं आली असेल तर नुसती जोडलेली फाईल उतरवून ईमेल उडवू नका.

पायरी ६ : सही असलेल्या फाईलींना हात लावू नका

"हा आदेश डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित करून काढण्यात येत आहे" ही शासन निर्णयाच्या शेवटची ओळ सगळ्यांनी वाचलेली असते. ती सही फाईलीच्या आत असते. ती पीडीएफ पुन्हा प्रिंट करून पीडीएफ केली, दोन पानं जोडली, आकार लहान केला, किंवा हौसेनं पीडीएफ/एमध्ये बदलली, की सही गेली. डिजिटल सहीचा सातबारा, सही केलेली विवरणपत्रं, सगळ्यांना हेच लागू. जशी उतरवली तशीच ठेवा. नाव बदललं तर चालतं. नाव फाईलीच्या आत नसतं.

पायरी ७ : एक्सेल, म्हणजे खरी डोकेदुखी

पत्र कसंही ठेवलं तरी माणूस अर्थ लावून घेतो. आकड्याचं तसं नाही.

कामाची शीट एक्सएलएसएक्स (एक्सेलचा आजचा प्रकार) किंवा ओडीएसमध्ये (लिबरऑफिसचा) ठेवा. एक्सेलच्या जुन्या एक्सएलएसमध्ये ६५,५३६ च्या पुढं ओळी मावत नाहीत. एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६ मावतात. मोठ्या संस्थेची वर्षभराची खतावणी एक्सएलएसमध्ये सेव्ह केली तर खालचा भाग कापला जाऊ शकतो.

ठेवणीसाठी तीन प्रती करा. मूळ शीट, कारण सूत्रं तिथंच आहेत. ३१ मार्चला जशी दिसत होती तशी पीडीएफ/ए. आणि नुसत्या आकड्यांची सीएसव्ही. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामानं तोडलेला साधा मजकूर, त्याच्याइतकं टिकाऊ काही नाही. कुठलाही प्रोग्राम तो वाचतो. पण सीएसव्हीत सूत्रं राहत नाहीत, रंग राहत नाहीत, आणि फाईलीत सहा शीटं असली तर समोर असलेली एकच उतरते. सहा वेळा करा.

सेव्ह करताना यादीत 'सीएसव्ही यूटीएफ-८' असं स्वतंत्र नाव दिसतं, तेच निवडा. नुसतं सीएसव्ही निवडलंत तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते, आणि फाईल बंद केल्यावर ती नावं परत येत नाहीत.

आता जवळून एक गंमत बघा. एक्सेलच्या रिकाम्या घरात १६ आकडी नंबर टाईप करा, शेवटी ७ ठेवा. एंटर मारा, आणि वर सूत्राच्या पट्टीत बघा. ७ च्या जागी ० आहे. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच खरे धरतं. कार्डाचा नंबर १६ आकडी असतो, काही बँकांचे खाते क्रमांकही लांब असतात. शेवटचा आकडा गुपचूप शून्य झालेली यादी आरटीजीएसला गेली तर काय होईल ते सांगायला नको. तसंच ०००४५१ हा सभासद क्रमांक ४५१ होतो. म्हणून नंबर भरण्याआधी तो अख्खा रकाना सिलेक्ट करून त्याचा प्रकार 'टेक्स्ट' करा. भरून झाल्यावर केला तर गेलेला आकडा परत येत नाही.

सीएसव्ही डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडणं आणि सेव्ह करणं हेही धोक्याचंच, कारण वरचे दोन्ही प्रकार तेव्हा पुन्हा घडतात. बघायची असेल तर नोटपॅडमध्ये बघा. वापरायची असेल तर डेटा टॅबमधून इम्पोर्ट करा. तिथं रकान्याचा प्रकार ठरवता येतो.

बेरजेच्या रकान्यात इंग्रजी आकडे टाका. देवनागरी आकड्यांना काही प्रोग्राम मजकूर समजतात आणि बेरजेतून वगळतात. तारीख ३/४ अशी न लिहिता २०२४-०४-०३ अशी, वर्ष आधी. ३/४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च हे मशीनच्या सेटिंगवर ठरतं, आणि सेटिंग कुणी बघत नाही.

पायरी ८ : स्कॅन

३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके), सरळ, कडा न कापता. खराब झालेल्या कागदाला रंगीत स्कॅन करा, डाग आणि शाई रंगात वेगळी कळते. पीडीएफ/एमध्ये ठेवा. स्कॅनला शोधता येईल असं करायचं असेल तर ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) लागतं; त्यातलं टेसरॅक्ट फुकट आहे आणि मराठी छापील मजकूर बऱ्यापैकी वाचतं. हस्ताक्षराच्या नादाला लावू नका.

पायरी ९ : जुना साठा

एकदम सगळं कन्व्हर्ट करायला बसू नका, दमून सोडून द्याल. आधी मोजणी: कुठल्या प्रकारच्या किती फाईली, कुठल्या फॉन्टात. मग ज्यांची मागणी येते त्या आधी: ठराव, पोटनियम, ताळेबंद, सभासद नोंदणी, शाळेत जनरल रजिस्टर.

डॉटडॉक आणि एक्सएलएसचा ढीग असेल तर लिबरऑफिसच्या फाईल मेनूत विझार्ड्स, त्यात डॉक्युमेंट कन्व्हर्टर आहे. फोल्डर दाखवलं की एकेक करून सगळ्या ओडीएफमध्ये करतं. पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या प्रोग्रामच्या फाईली बऱ्याच छापखान्यांत पडून आहेत आणि तो प्रोग्राम केव्हाच बंद झाला. पण लिबरऑफिस ड्रॉमध्ये त्या उघडून बघा. मांडणी जराशी ढासळते, मजकूर निघतो. निघतो तो अर्थात जुन्या फॉन्टातला, म्हणजे पुन्हा पायरी २. कोरलड्रॉचंही तसंच, पण तिथं ऑपरेटरनं अक्षरांचे 'कर्व्हज' केले असतील तर मजकूर उरलेलाच नसतो, नुसती चित्रं असतात. तिथं छापील प्रत शोधून स्कॅन करणं सोपं.

मूळ फाईल पुसू नका. "जुन्या मूळ" नावाच्या फोल्डरमध्ये राहू द्या. आजच्यापेक्षा बरा कन्व्हर्टर उद्या कुणीतरी काढेल.

पायरी १० : नाव आणि जागा

"फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरं" ही नावं मी प्रत्येक ऑफिसात पाहिली आहेत, स्वतःही ठेवली आहेत. त्याऐवजी तारीख आधी, मग विषय, मग आवृत्ती: २०२४-०९-१२, वार्षिक सभा इतिवृत्त, आवृत्ती २. तारखेचे आकडे इंग्रजी ठेवा म्हणजे यादी आपोआप क्रमानं लागते. मराठी नाव आज बहुतेक ठिकाणी चालतं, पण झिप करताना किंवा जुन्या मशीनवर कधीकधी मोडतं. ठेवणीतल्या फाईलींना रोमन अक्षरांत साधं नाव दिलेलं बरं.

प्रती तीन. एक ऑफिसच्या मशीनवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक ऑफिसबाहेर. पेन ड्राईव्हला प्रत म्हणू नका, तो नेण्या-आणण्यापुरता. "ऑफिसबाहेर" म्हणजे शाहूपुरीतल्या ऑफिसची डिस्क व्हीनस कॉर्नरला चेअरमनच्या दुकानात ठेवणं नव्हे. पाणी दोन्हीकडे एकदमच येतं. राजारामपुरीच्या चढावर कुणाचं घर असेल तर तिथं, किंवा क्लाऊडवर. त्या पतसंस्थेत आता एक नियम आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आली की शिपाई मामा बाहेरची डिस्क पिशवीत घालून घरी नेतात, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघत नाहीत.

दर एप्रिलला, ऑडिटची धावपळ सुरू व्हायच्या आधी, डोळे मिटून पाच जुन्या फाईली निवडा आणि ज्या मशीनवर त्या झालेल्या नाहीत अशा मशीनवर उघडा. उघडते का, वाचता येते का, "निश्चित" सापडतं का. जी अडेल तिचं नाव, फॉन्ट आणि अडचण एका वहीत. गेल्या वर्षी आमच्या पाचातली एक अडली: रफार. "सूयर्वंशी" एका ठिकाणी तसेच राहिले होते.